हर्णैच्या मावशी, मुलाने दिलेलं घड्याळ आणि आयएनआर: एक प्रकरण

ही नोंद एका ५२ वर्षांच्या बाईंची आहे. हर्णै बंदराजवळच्या वाडीत त्यांचं घर. बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मासळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन दापोलीच्या बाजारात बसायचं, हा त्यांचा तरुणपणापासूनचा धंदा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दवाखान्यात आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

मावशींना एट्रियल फिब्रिलेशन आहे, आणि ते सहा वर्षांपासून माहीत आहे. या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदं, लयीत आकुंचन पावत नाहीत, नुसती थरथरत राहतात. खालच्या कप्प्यांकडे विजेचे संदेश कधीही, कसेही पोचतात आणि नाडी पूर्ण बेताल होते. डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. तिथे रक्त साचून गुठळी धरते. ती सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की अर्धांगवायू. मावशींना असा झटका आजवर आलेला नाही, आणि येऊ द्यायचा नाही हाच या सगळ्या उपचाराचा हेतू.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला. तो मुंबईला नोकरी करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आई घरीच असणार, म्हणून चार दिवसांची रजा काढून आला होता. येताना आईसाठी नाडी दाखवणारं घड्याळ आणलं होतं. पहिल्याच रात्री घड्याळाने नाडी अनियमित असल्याचा इशारा दिला, मग पुन्हा दिला, आणि पहाटेपर्यंत पोराच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

"डॉक्टर, हे सारखं वाजतंय. आई म्हणते काही होत नाही. काही होत नाही तर वाजतंय कशाला?"

मावशी मुकाट बसून होत्या. मी विचारल्यावर म्हणाल्या, "धाप लागते जरा. पाऊस सुरू झाला की लागतेच."

आधीचा इतिहास

लहानपणी घसा दुखून ताप यायचा आणि पाठोपाठ गुडघे, घोटे सुजायचे. एक सांधा उतरला की दुसरा धरायचा. घरच्यांनी तेल चोळलं, शेक दिला, आणि सांधे खरोखरच बरे झाले. हा ऱ्हुमॅटिक फीवर होता. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करतं. सांधे बरे होतात, झडप होत नाही. घसादुखीला वेळेवर पेनिसिलिन मिळालं तर हे टळतं, आणि एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन देत राहिलं तर पुढची हानी थांबते. मावशींच्या बालपणी यातलं काहीच झालं नाही.

दुसऱ्या बाळंतपणात सातव्या महिन्यात त्यांना आडवं झोपता येईना. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि तोवर गप्प असलेली अरुंद झडप तेव्हाच बोलू लागते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. बाळंतपण सुखरूप झालं. नंतर मुंबईत मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, फुग्याने रुंद करून घेतली. पायातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेऊन झडपेत फुगा फुगवायचा, ही जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेली पद्धत. छाती न उघडता होणाऱ्या या उपायाने आपल्याकडच्या असंख्य तरुण बायकांना पुढची वर्षं दिली. मावशींनाही दिली. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्या त्या त्यानंतर दरवर्षी चढत होत्या. सहा वर्षांपूर्वी अर्ध्यात बसावं लागलं, तेव्हा काढलेल्या ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन दिसलं.

मायट्रल झडपेचं तोंड निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. मावशींचं गेल्या इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, १.४ होतं. डावं अलिंद चांगलंच फुगलेलं. औषधं चालू होती ती अशी: रक्त पातळ राहावं म्हणून असेनोकूमॅरॉल रोज संध्याकाळी २ मिलिग्रॅम, ठोके आवरण्यासाठी मेटोप्रोलॉल, आणि अंगात पाणी साठू नये म्हणून लघवीची गोळी.

घड्याळ काय सांगत होतं

घड्याळावर नाडी ८६ दिसत होती. मी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले. १२४ भरले.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. दोन ठोके अगदी लागोपाठ पडले तर दुसऱ्या ठोक्याच्या वेळी हृदय पुरतं भरलेलंच नसतं. तो ठोका छातीत ऐकू येतो, पण मनगटापर्यंत पोचत नाही. मनगटावर ठेवलेली बोटं तो चुकवतात, आणि त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा चढउतार वाचणारं घड्याळही चुकवतं. एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णाचे ठोके छातीवरच मोजायचे असतात, आणि पंधरा सेकंद मोजून चाराने न गुणता मिनिटभर. मावशींच्या बाबतीत १२४ हा आकडा महत्त्वाचा होता, कारण झडप अरुंद असली की रक्त खाली उतरायला वेळ लागतो. ठोके वाढले की तोच वेळ कमी होतो, रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि धाप लागते. मुलाला ज्या अनियमिततेची भीती वाटली ती सहा वर्षं जुनी होती. भीती वाटायला हवी होती ती गतीची, आणि घड्याळ तिच्याबद्दल निर्धास्त करत होतं.

घड्याळांना मी नावं ठेवत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने केलेल्या ॲपल हार्ट स्टडीचे निष्कर्ष २०१९ साली आले. त्यात ४,१९,२९७ माणसांनी भाग घेतला होता. अनियमित नाडीचा इशारा त्यांतल्या फक्त ०.५२ टक्के लोकांना मिळाला. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन सापडलं. एवढ्या मोठ्या समूहावर असं काम होऊ शकतं हेच तेव्हा नवीन होतं. पण आधीच एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. प्रश्न होता तो न सापडलेला आजार सापडतो का, एवढाच. मावशींचा आजार सापडलेला आहे.

शिवाय सापडणं आणि टळणं यांत अंतर आहे. डेन्मार्कमधल्या लूप अभ्यासात, २०२१ साली, ७० ते ९० वयाच्या ६,००४ लोकांपैकी काहींच्या छातीच्या त्वचेखाली सतत नोंद ठेवणारं यंत्र बसवलं. यंत्र बसवलेल्या गटात ३१.८ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन सापडलं, इतरांत १२.२ टक्क्यांना. तरी अर्धांगवायू आणि गुठळ्यांचं प्रमाण ४.५ विरुद्ध ५.६ टक्के निघालं, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

मावशींचं तसं नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या अभ्यासातून १९७८ साली मांडलेला हिशोब असा: झडपेचा आजार नसताना एट्रियल फिब्रिलेशन असेल तर अर्धांगवायूचा धोका पाचपटीहून जास्त, आणि ऱ्हुमॅटिक झडपेसोबत असेल तर सतरापट. म्हणून वय, रक्तदाब, मधुमेह यांचे गुण मोजून रक्त पातळ करायचं की नाही ते ठरवायची जी पद्धत इतरांसाठी वापरतात, ती अशा रुग्णांना लावतच नाहीत. झडप अरुंद आणि नाडी बेताल, एवढं पुरे. गोळी द्यायचीच.

आयएनआर १.४

गोळी चालू होती. तिचा परिणाम किती होतोय हे आयएनआर सांगतो. रक्त गोठायला लागणारा वेळ निरोगी रक्ताच्या तुलनेत किती, याचं हे प्रमाण. वेगवेगळ्या लॅबचे निकाल एकमेकांशी जुळावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली ते स्वीकारलं. गोळी न घेणाऱ्या माणसात ते १ च्या आसपास असतं. मावशींना २ ते ३ हवं. दोनच्या खाली गुठळीचा धोका, तीनच्या बराच वर गेलं तर रक्तस्रावाचा.

मार्चमध्ये २.४ होता. जूनचा आला १.४.

म्हणजे त्या क्षणी मावशी जवळजवळ उघड्यावर होत्या. हात सुन्न नाही, बोलणं अडखळत नाही, घड्याळ यातलं काही सांगू शकत नाही. मला या आकड्याची जितकी धास्ती वाटते तितकी नाडीच्या कुठल्याही इशाऱ्याची वाटत नाही, आणि कोकणातल्या झडपेच्या रुग्णांच्या घराघरांत ही धास्ती समजावी म्हणून मी हे लिहितो आहे.

कारण शोधायला वेळ दिला. गोळी चुकली का? मुलाने पाकिटं मोजली, चुकली नव्हती. नवीन औषध? नाही. मग जेवणावर आलो आणि मावशी खुलल्या. मासेमारी बंद, ताजं म्हावरं नाही. पहिल्या पावसाबरोबर परड्यात आणि बांधावर टाकळा आला होता, कुर्डू आली होती, शेवग्याचा पाला तर दारातच. दोन्ही वेळा पालेभाजी आणि सोबत सुकट किंवा खारवलेला मासा. त्यात कुणीतरी सांगितलं होतं की हिरव्या भाजीने रक्त वाढतं, म्हणून वाटी आणखी भरून.

असेनोकूमॅरॉल यकृतात क जीवनसत्त्वाचं नव्हे, के जीवनसत्त्वाचं काम अडवतं. रक्त गोठवणारे काही घटक तयार व्हायला ते जीवनसत्त्व लागतं. हिरव्या पाल्यात ते भरपूर असतं. पाला अचानक वाढला की तीच गोळी अपुरी पडते. आणि सुक्या मासळीतल्या मिठाने अंगात पाणी धरलं होतं, त्यातून धाप आणि वाढलेले ठोके. थायरॉइड तपासला, बरोबर निघाला. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं. पण बहुतेक उत्तर पावसाळ्याच्या ताटातच होतं.

इथे एक चूक सर्रास होते. रुग्णाला सांगितलं जातं, "हिरवी भाजी बंद." मला हे मान्य नाही. गरिबाच्या घरी पावसाळ्यात फुकट मिळणारं हे एकमेव ताजं अन्न. बंद करायला सांगितलं तर चार दिवस पाळतील, मग खातील, आणि आयएनआर आणखी हेलकावे खाईल. भाजी खायची, पण रोज साधारण सारखी खायची, आणि गोळीचं प्रमाण त्या भाजीशी जुळवून घ्यायचं. मीठ आणि खारी मासळी मात्र कमी करायलाच हवी. त्यावर मावशींशी बरीच घासाघीस झाली. सोडे आणि सुकट पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, आठवड्यातून दोनदा, इथवर त्या आल्या.

"मग नवीन गोळी द्या ना"

मुलाचा खरा प्रश्न पुढे होता, आणि तो रास्त होता. त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना हाच आजार. त्यांना रक्त पातळ करणारी नवी गोळी, रिव्हारॉक्सबॅन, दिलेली. आयएनआर नाही, पथ्य नाही, दिवसाला एक गोळी. आता तिच्या स्वस्त जेनेरिकही मिळतात. "आईला दर महिन्याला दापोलीपर्यंत यावं लागतं. पावसात गाडी मिळत नाही. मग ही कटकट कशाला?"

मावशींनी हात पुढे केला. "टोचून टोचून चाळण झालीय बघा."

झडपेचा आजार नसलेल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये या नव्या गोळ्या उत्तम आहेत. डॅबिगाट्रानचा २००९ सालचा आणि ॲपिक्सबॅनचा २०११ सालचा अभ्यास, प्रत्येकी १८ हजारांहून जास्त रुग्णांचे, मोठ्या मेहनतीने झालेले. पण अरुंद मायट्रल झडपेच्या रुग्णांना त्यांत जागा नव्हती. श्रीमंत देशांत ऱ्हुमॅटिक झडपा जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत, म्हणून आपल्या रुग्णांचा प्रश्न बराच काळ कुणी विचारलाच नाही.

तो विचारला इन्व्हिक्टस अभ्यासाने. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या संशोधन संस्थेतले स्टुअर्ट कॉनली आणि दिल्लीच्या एम्समधले गणेशन कार्तिकेयन यांच्या नेतृत्वाखाली, आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत. भारत त्यांत होता. अंतिम विश्लेषणात ४,५३१ रुग्ण. सरासरी वय ५०.५, आणि ७२ टक्के बायका. मुलाला मी हे आकडे दाखवले तेव्हा तो आईकडे बघत राहिला. वय, लिंग, आजार, सगळं तिचंच.

सगळ्यांना वाटत होतं की नवी गोळी निदान बरोबरी तरी करेल. ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल आला तो उलटा. अर्धांगवायू, इतर अवयवांतली गुठळी, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी रिव्हारॉक्सबॅन घेणाऱ्या २,२७५ पैकी ५६० जणांना झालं. वॉर्फरिनच्या जातीची जुनी गोळी (मावशींची असेनोकूमॅरॉल त्यातलीच) घेणाऱ्या २,२५६ पैकी ४४६ जणांना. मृत्यूही जुन्या गोळीवर कमी, आणि मोठ्या रक्तस्रावात म्हणण्यासारखा फरक नाही.

यातली एक बाब मला सर्वांत जास्त बोलकी वाटते. जुन्या गोळीच्या गटातल्या लोकांचे आयएनआर काही आदर्श नव्हते. सुरुवातीला फक्त एक तृतीयांश लोकांचा आकडा २ ते ३ मध्ये होता, आणि पुढे तो साधारण ५६ ते ६५ टक्क्यांवर गेला. म्हणजे आपल्याकडे जमतं तसं, कमीजास्त होत, तरीही जुनी गोळी सरस ठरली. मृत्यूंमधला फरक मुख्यतः अचानक हृदय थांबणं आणि हृदय कमजोर पडणं यांत होता. माझं मत असं की दर महिन्याला रक्तासाठी येणाऱ्या रुग्णाला कुणीतरी बघतं, पायाची सूज दाबून पाहतं, ठोके मोजतं, आणि याचाही त्यात वाटा असावा. मावशी दवाखान्यात आल्या नसत्या तर १२४ ठोकेही कुणी मोजले नसते.

निर्णय झाला: गोळी जुनीच.

पुढचे तीन महिने

मुंबईतल्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोललो. असेनोकूमॅरॉल आठवड्यातले पाच दिवस २ मिलिग्रॅम आणि दोन दिवस, सोमवारी व गुरुवारी, ३ मिलिग्रॅम. आठवड्याला १४ चे १६ झाले. या गोळीचा असर वॉर्फरिनपेक्षा लवकर उतरतो, म्हणून एक दिवस चुकली तरी फरक पडतो. तेव्हा वेळ ठरवली ती रात्री आठची, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर सुनेने खूण करायची. मेटोप्रोलॉल वाढवलं. लघवीची गोळी काही दिवस दुप्पट केली. आठवड्याभरात छातीवरचे ठोके ८८ वर आले आणि मावशी एका उशीवर झोपू लागल्या. आयएनआर १.९, मग २.३.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट आला ५.२.

मुलाचा मुंबईहून फोन, आवाज कापत होता. हिरड्यांतून रक्त नाही, लघवी लाल नाही, काळी शी नाही, कुठे निळं पडलेलं नाही. दात किंवा पोट दुखलं म्हणून कुणी अँटिबायोटिक दिलंय का, वेदनाशामक घेतलंय का? नाही. त्या रात्रीची गोळी थांबवली. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं नाही, कारण रक्तस्राव नव्हता आणि आकड्यावर विश्वास बसत नव्हता. नमुना घेणाऱ्या मुलाला विचारलं तेव्हा कळलं, शीर मिळत नव्हती, निळ्या झाकणाची नळी अर्धीच भरली होती. या नळीत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट असतं, आणि ते नऊ भाग रक्ताला एक भाग या हिशोबाने भरलेलं असतं. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढतो. सकाळी दुसऱ्या हाताची शीर शोधून, खुणेपर्यंत भरून नमुना पाठवला. २.६.

समजा, त्या खोट्या आकड्यावर भरवसा ठेवून इंजेक्शन दिलं असतं, तर आयएनआर आठवडाभर तळाला गेला असता आणि गुठळीला रान मोकळं. लॅबच्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं. आता तो अर्धी नळी स्वतःच बाजूला टाकतो, नमुना फ्रीजमध्ये न ठेवता त्याच दिवशी पुढे पाठवतो. रुग्णांच्या नातेवाइकांनीही एवढं बघायला हरकत नाही: नळी खुणेपर्यंत भरली का. तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी आयएनआर विश्वासाने होईल अशी सोय करणं हे काम मोठं नाही, फार खर्चाचंही नाही, आणि किनाऱ्यावरच्या झडपेच्या रुग्णांसाठी त्याहून उपयोगी दुसरं काही मला सुचत नाही.

नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या. ताजी मासळी आली, पाला कमी झाला, आणि अपेक्षेप्रमाणे आयएनआर २.९ वर सरकला. तेव्हा दोनपैकी एका दिवसाचे ३ पुन्हा २ केले. ताट बदलतं तेव्हा, म्हणजे जूनच्या मध्यात आणि मासेमारी सुरू झाल्यावर, महिन्याऐवजी पंधरवड्याने तपासायचं असं आता ठरवलं आहे.

झडपेचा प्रश्न शिल्लक आहे. गणपतीनंतरच्या इकोत तोंड १.३ भरलं. आणखी अरुंद झालं किंवा औषधं असूनही धाप वाढली तर पुन्हा फुगा, नाहीतर झडप बदलणं. फुग्याआधी अन्ननलिकेतून इको करून डाव्या अलिंदात गुठळी नाही हे पाहावं लागेल, असलीच तर आधी काही महिने आयएनआर नीट ठेवून ती विरघळवावी लागेल. धातूची झडप बसवली तरी गोळी हीच राहणार, कारण अशा झडपांवर डॅबिगाट्रान वापरून पाहिलेला अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावा लागला होता, ते निष्कर्ष २०१३ सालचे. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो, त्यासाठी रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून घ्यायला मुलाला सांगितलं आहे. मावशींची अट एकच: जे काय करायचं ते मोसम संपल्यावर, मे अखेरीस. तोवर धाप वाढली नाही तर मला ती अट मान्य आहे.